चौकोनी शीड

पंच्याऐंशी सालापर्यंत वर्सोव्याच्या बंदरातल्या जवळजवळ सगळ्या होड्यांना इंजिनं बसली होती. पहाटेपासून नुसती धडधड आणि डिझेलचा वास. शिडावर जाणारी अशी एकच लाकडी होडी उरली होती, ती धाकूची, आणि तीही सात महिने वाळूवर पालथी पडलेली. तिच्या तळावर पोरं पत्ते कुटत बसायची. धाकूच्या बायकोला, जानकीला, ते बघवत नसे. येता-जाता ती पोरांना हाकलायची आणि तिची पाठ वळली की पोरं पुन्हा डाव मांडायची.

होडी पडून होती ती धाकूच्या डाव्या हातामुळे. मुलाच्या, मधुकरच्या, ट्रॉलरवर जाळं ओढताना दोर सटकला आणि हात चक्रीत गेला. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. हात बरा झाला, माणूस काही बरा झाला नाही. खाडीच्या तोंडाचा खडक न् खडक पाठ असलेला हा होडी हाकणारा तांडेल दिवसभर ओटीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचा. जेवा म्हटलं की जेवायचा, झोपा म्हटलं की झोपायचा. कालवणात मीठ कमी पडलं म्हणून सगळी आळी डोक्यावर घेणारा नवरा जानकीने तीस वर्षं सांभाळला होता. हा नवा शहाणा माणूस कुठून आला ते तिला कळेना, आणि त्याची तिला भीती वाटायची. चांगलीच वाटायची.

दिवाळी झाली आणि मधुकरने घरात बातमी आणली. जुहूच्या एका मोठ्या हॉटेलला हिरवळीवर मांडायला कोळ्यांची खरीखुरी होडी हवी होती. तिच्यात बर्फ भरायचा, बर्फावर कोळंबी रचायची, वर तिकोनी शीड उभारून त्याला दिव्यांच्या माळा सोडायच्या. चंद्रप्रकाश नावाचे त्यांचे मॅनेजर होडी बघून गेले होते, पसंतही करून गेले होते. पोराच्या मनात खोट नव्हती. बापाने त्या होडीकडे बघत झुरावं, यापेक्षा ती डोळ्यांआड झालेली बरी, असा त्याचा हिशोब.

ते ऐकलं आणि धाकू सात महिन्यांत पहिल्यांदा आपणहून उठला.

"माझी होडी म्हणजे कोळंबीचं ताट नाय," तो म्हणाला आणि माळ्यावरचं शीड काढायला गेला.

जानकी त्या दिवशी इतकी खूश झाली की तिने शेजारणीला फुकटचे बोंबील दिले. पण तो आनंद जेमतेम दुपारपर्यंत टिकला.

शीड होतं धाकूच्या बापाचं, तिकोनी, आजवर सगळ्यांनी वापरलं तसंच. डोलकाठीवर एक लांबलचक आडवी काठी तिरकी टांगायची, तिला परभाण म्हणतात, आणि त्या परभाणाला शीड. दिसायला देखणं. पण वाऱ्याची बाजू बदलली की ते अख्खं परभाण उभं करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं. हे दोन माणसांचं काम. धाकू ते एकटा करायचा, डाव्या हाताने दोर आवळून उजव्या खांद्याने परभाण रेटून, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. त्याच दिवशी, मंगळवारी, पोरांकडून होडी सुलटी करून घेऊन तो एकटाच गेला. गेला तो झकास गेला. वळायची वेळ आली, तेव्हा डाव्या हातातून दोर निसटला. परभाण अर्ध्यात अडकलं, शीड डोलकाठीला गुंडाळलं, आणि होडी आडवी होऊन खडकांकडे वाहायला लागली. मधुकरने ट्रॉलर नेला, दोर बांधला आणि सगळं बंदर बघत असताना बापाला ओढत आणलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं जानकीला वाटलं.

धाकू घरी आला, पाय धुतले, ओटीवर बसला.

"देऊन टाक ती होडी," त्याने मधुकरला सांगितलं. "शिडासकट दे." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

होडी गेली तर हा माणूस त्या ओटीवरच संपणार, हे जानकीला लख्ख दिसलं. तिने मधुकरला बाहेर गाठलं.

"त्या साहेबाला कधी बोलावलंस?"

"रविवारी. दुपारी ट्रक घेऊन येतात."

"रविवारी ट्रकात चढवायच्या आधी होडी खाडीबाहेर जाऊन आपल्या आपण परत आली, तर द्यायची नाय. बोल."

"आय, बाबांना जमत नाय. आत्ता बगितलंस ना? खडकावर गेले असते."

"मी काय विचारलं? कबूल हाय का नाय?"

मधुकरने मान खाली घातली. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या आळीत नव्हता. "कबूल," तो म्हणाला. "पण ओढायचं नाय नि कुणी सोबत न्यायचा नाय. आणि बाबा परत अडकले तर रविवारी मी ऐकणार नाय तुझं."

मग सल्ल्यांना ऊत आला. होडीला हात लावायला कोणी येईना, तोंड घेऊन मात्र सगळे आले. मधुकरच्या मित्रांनी इंजिन सुचवलं. सुताराने फळ्यांवर थाप मारून सांगितलं की इंजिनाच्या हादऱ्याने ही म्हातारी आठवडाभरात उसवेल. कोणी म्हणालं, तिकोनी शीडच लहान करा. लहान केलं तरी परभाण उरतंच, आणि परभाण उरलं की दोन हात हवेतच. बंदरातले वडीलधारे दादू पाटील काठी टेकत आले. त्यांचा शब्द कोळीवाड्यात कोणी मोडत नसे.

"शीड आपलं तिकोनीच पाहिजे," ते म्हणाले. "धाकूने दोन गडी ठेवावेत."

"एक टोपली बोय मासळी मिळते पाटील, तिच्यात तिघांची पोटं?" जानकी म्हणाली.

"मग घरी बसावं. वय झालं की बसतात माणसं."

दादू पाटील स्वतः त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि दिवसातून चार वेळा धक्क्यावर चक्कर मारायचे. जानकीने ते बोलून दाखवलं नाही. ओठांवर आलं होतं.

बुधवारी दुपारी चारला ती रोजच्याप्रमाणे टोपली घेऊन सात बंगल्याच्या नाक्यावर बसली. तिथे बसणाऱ्या कोळणींची एक अडचण होती. ऊन डोक्यावर नसायचं, समोरून यायचं, समुद्राकडून, आणि मासळीची वाट लावायचं. म्हणून त्या छप्पर घालत नसत, कापड उभं करत. एक खांब रोवायचा, कापडाची एक कड त्याला वरपासून खालपर्यंत बांधायची. वरच्या मोकळ्या कोपऱ्यात एक तिरका बांबू अडकवायचा आणि त्याचं बूड खांबाच्या खालच्या अंगाला दोरीच्या फासात बसवायचं. बांबू ताणला की कापड भिंतीसारखं ताठ. आणि फेरीवाल्यांना उठवणारी गाडी कोपऱ्यावर दिसली की बांबूच्या बुडाला एक लाथ घालायची. बांबू फासातून सुटतो, कापड खाली, टोपली डोक्यावर आणि कोळीण गल्लीत पसार. वीस वर्षं जानकी हे करत होती. तिच्याइतकी चपळ लाथ सगळ्या नाक्यावर कोणाची नव्हती.

त्या दिवशी वारा जोराचा होता. कापड फुगलं होतं, खांब अंधेरीच्या दिशेला वाकत होता. शुभाताई नावाचं तिचं जुनं गिऱ्हाईक पापलेटाचे कल्ले उचकून बघत होतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "गाडी!" जानकीने लाथ घातली. वाऱ्याने तट्ट भरलेलं कापड त्याच क्षणी मेलं. खांबही सरळ झाला.

गाडी नव्हतीच, दुधाचा टेम्पो होता. बाकीच्या बायका शिव्या घालत परत कापडं ताणू लागल्या. जानकी उभीच राहिली. तिने बांबू पुन्हा फासात बसवला. कापड भरलं, खांब वाकला. तिने लाथ घातली. कापड मेलं. पुन्हा बसवला, पुन्हा पाडला. एका हाताने.

"जानकी, अगं पापलेट कसं दिलं?" शुभाताईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"न्या तसंच," जानकी म्हणाली.

शेजारी बसणारी मालन तिच्याकडे बघतच राहिली. जानकीने जन्मात कोणाला पापलेट तसंच दिलं नव्हतं. "बरं वाटत नाय का गो तुला?"

"सात महिन्यांत आजच बरं वाटतंय," जानकीने उत्तर दिलं आणि अर्धी टोपली तिच्या हवाली करून ती घराकडे सुटली.

दिवे लागायच्या सुमाराला तिने अंगणात शीड पसरलं, खडूने त्याच्यावर चार रेघा मारल्या आणि कात्री घेऊन बसली. धाकू ओटीवरून बघत होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, ठिगळ लावते आहे. कात्री कापडात शिरली तेव्हा तो उभा राहिला.

"काय करतेस? बापाचं शीड हाय ते माझ्या!"

"तुमच्या बापाला दहा बोटं होती," जानकी म्हणाली.

बोलून गेली आणि तिचं तिलाच लागलं. असं ती त्याला सात महिन्यांत कधी बोलली नव्हती. त्या हाताकडे बघायचंसुद्धा ती टाळायची, भात वाढताना नजर ताटातच ठेवायची. पण आता थांबली असती तर पुन्हा कात्री उचलायचं धाडस तिला झालं नसतं. तिने खाली मान घालून कापायला सुरुवात केली. कापड जाड, मीठ खाऊन कडक झालेलं. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसत ती रेघेवरून कात्री नेत राहिली. धाकूने आत जाऊन दार लावून घेतलं.

दार आपटलं होतं चांगलं जोरात. त्यातल्या त्यात तिला तेवढंच बरं वाटलं.

दोन दिवस ती कडा शिवत होती. मंगळवारनंतर होडी पुन्हा पालथी घातली होती; शनिवारी सुताराने आणि चार पोरांनी ती सुलटी करून दिली. पत्ते कुटणारीच पोरं ती, पण जानकीने त्यांच्या आयांकडे जाईन म्हटल्यावर मुकाट्याने आली. तिने परभाण बाजूला टाकलं. डोलकाठीला शिडाची एक कड बांधली, वरच्या कोपऱ्यात बांबू अडकवला, बूड फासात बसवलं. खालच्या मोकळ्या कोपऱ्याला दोर लावून तो होडीच्या कडेला घट्ट बांधला. वाळूवरच शीड भरलं. चौकोनी, बुटकं, कुठल्याच बाजूने देखणं नाही.

बंदर लोटलं बघायला. मंगळवारी न हसलेले लोक आज मनसोक्त हसले.

"समुद्रात पापलेट विकायला चाललीस का, वयनी?"

"तराजू घेतलास का?"

दादू पाटलांनी काठी वर केली तसं हसणं थांबलं. "जानकी, या बंदरात असलं शीड आजपर्यंत कुणी लावलं नाय."

"इंजिनंबी कुणी लावली नव्हती, पाटील. तुमच्या घरच्या तिन्ही होड्यांवर हायत."

पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढं जानकीला पुरलं.

रविवारी सकाळी सहाला ओहोटी लागली. जमिनीवरून मंद वारा सुटला होता, खाडीबाहेर जायला हवा तसा. जानकीने धाकूला अक्षरशः दंडाला धरून पाण्यावर आणलं. होडी तरंगत होती. धक्क्यावर ही गर्दी. मधुकर ट्रॉलरवर उभा होता, इंजिन चालू ठेवून. जागचा हलायचा नाही अशी आई त्याला ताकीद देऊन आली होती. धाकूने शिडाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं.

"मी नाय जात," तो म्हणाला. "या बाजाराच्या कापडाखाली मी बसणार नाय. लोक हसतात."

"हसू दे की."

"तुला काय कळतं समुद्रातलं?"

"कायबी नाय कळत. मना कापड कळतं."

"मग तूच जा!"

तो रागात बोलला. त्याला वाटलं, विषय संपला. तशी विषय संपवायची त्याची ही जुनीच पद्धत होती. पण जानकीने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, गुडघाभर पाण्यात शिरली आणि होडीत चढली.

मासेमारीच्या होडीत बाईने पाय ठेवायचा नाही. त्या बंदरात हे कोणी कोणाला शिकवत नसे, सगळ्यांना ठाऊकच असे. जानकीची सासू, आजेसासू, वाळूवर उभ्या राहून होड्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"जानकी, उतर!" दादू पाटील ओरडले. "समुद्र बाटवतेस का?"

"मढला जाताना फेरीबोटीत बसते तवा नाय बाटत तो?" जानकीने होडीतून विचारलं. "हाच समुद्र ना? का मढचा दुसरा हाय?"

तिने बांबूचं बूड फासात रोवलं. शीड फडफडलं, भरलं, आणि होडी निघाली. सुकाणू मोकळं. तोंड कुठेही. जानकीला आता पहिल्यांदा कळलं की तिला वळता येत नाही, थांबताही येत नाही. पण उतरायचं म्हणजे पाटलांच्या समोरून उतरायचं. ती बांबू धरून ताठ उभी राहिली.

"अगो बस खाली! पडशील!" धाकू ओरडला. मग त्याने दोन आईबहिणीवरच्या शिव्या दिल्या, बायकोला नव्हे, कोणाला ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि छातीभर पाण्यातून धावत, पोहत जाऊन एका हाताने होडीची कड पकडली. वर चढला. उजव्या हातात सुकाणू घेतलं. होडीने मान वळवली आणि सरळ खाडीच्या तोंडाकडे चालू लागली.

मधुकरची अट होती, सोबत कोणी न्यायचा नाही. त्याने ते आठवून तोंड उघडलं. मग बापाकडे बघितलं आणि मिटलं. नेणारी कोण आणि सोबतीचा कोण, हे सांगणंही तसं कठीणच होतं.

खाडीबाहेर पडेपर्यंत धाकू एकदा डाव्या बाजूचा खडक बघे, एकदा शिडाकडे नजर टाके. खडक मागे पडले. समुद्र उघडला. सकाळच्या उन्हात पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की जानकीला वाटलं, एवढी वर्षं आपण मासळी विकली, तिचं घर आज बघतोय. तिने वळून बघितलं. धाकूचा चेहरा ओला होता आणि तो भिंतीकडे बघायचा तसा बघत नव्हता.

"चालते," तो पुटपुटला.

"काय?"

"काय नाय. नीट बस."

परत शिरायला भरती हवी, म्हणून दोघं बाहेरच थांबली; दुपारी ती लागली. जमिनीवरचा वारा पडला आणि काही वेळ शीड लोंबत राहिलं. मग समुद्राकडून खारा वारा आला. घरी जायला तोच हवा होता. धाकूने होडी वळवली. परभाण नाही, रेटणं नाही. चौकोनी शीड आपलं आपण पलीकडे गेलं, जानकीने फक्त दोराचं टोक उचलून दुसऱ्या कडेला नेलं. धाकूने ते बघितलं आणि त्याच्या तोंडून शीळ निघाली.

पण वारा वाढत गेला. खाडीचं तोंड दिसायला लागलं आणि मागून एक जोराचा झपाटा आला. शीड तट्ट भरलं, होडी एका अंगावर कलली आणि कडेवरून पाणी आत आलं.

"दोर सोड!" धाकू ओरडला. "सोड दोर!"

जानकीने गाठीला हात घातला. गाठ हलेना. ती बाजारातली गाठ होती. कापड फडफडू नये म्हणून नाक्यावर कोळणी दुहेरी फास घालून दात लावून आवळतात, तशी तिने ती धाकूच्या नकळत आवळली होती; आणि आता ती भिजून दगड झाली होती. शिडाचा दोर बांधून टाकायचा नसतो, हातात धरायचा असतो, हे बंदरातलं शेंबडं पोरही जाणतं. जानकीला कोणी सांगितलं नव्हतं. बाईला कोण सांगणार?

"गाठ मारलीस?" धाकूचा आवाज चिरकला. तो सुकाणू सोडू शकत नव्हता. डाव्या हाताने त्याने गाठ ओढून बघितली. अंगठा आणि करंगळीत ती मावेना. पाणी घोट्यापर्यंत आलं. होडी आणखी कलली. जानकीला वाटलं, झालं, माझ्या हौसेपायी मी याला मारलं.

आणि मग तिच्या पायाने जे करायचं ते केलं. डोक्याला विचारायला तो थांबला नाही. तिने बांबूच्या बुडाला लाथ घातली.

बांबू फासातून सुटून आडवा पडला. शिडाचा वरचा अर्धा भाग कोसळला, वारा वरून निघून गेला, आणि होडी कुरकुरत सरळ झाली. हिंदकळत, जड, पाण्याने भरलेली, पण सरळ.

मधुकर धडधडत आलाच. त्याला दुरून सगळं दिसलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने दोर फेकला, तो जानकीच्या मांडीवर येऊन पडला.

"आय, बांध! लवकर बांध!"

इतकी जानकी जन्मात घाबरली नव्हती. होडी राहो की जावो, ट्रक येवो की न येवो, तिला फक्त जमीन पाहिजे होती. तिने दोर उचलला आणि नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे, सरकली.

"टाक तो परत," मागून धाकू म्हणाला.

तिने वळून बघितलं. धाकूने सुकाणू काखेत धरलं होतं आणि वाकून तो गाठीला दात लावत होता. गाठ सुटली तसं त्याने तोंडातलं मीठ थुंकलं.

"अवो, पुरे झालं आता. मना भ्या वाटतं."

"मनाबी वाटतं," धाकू म्हणाला. "टाक तो दोर परत. मंगळवारी मना सगळ्या गावासमोर ओढत आणलं. आज नाय. मधू, बाजूला हो! तुझ्या इंजिनाने माझं पाणी ढवळतंय!"

असा आवाज. मिठासाठी आळी डोक्यावर घेणारा. जानकीने दोर ट्रॉलरवर असा फेकला की मधुकरला वाकावं लागलं.

ती डब्याने पाणी उपसू लागली. धाकू सांगत होता, ती करत होती. बांबू अर्धाच ताण. आता पुरा. दोर गाठ न मारता हातात धर. वारा भरला की ढील दे, पडला की ओढ. तिचे तळवे सोलवटले. तिने दोर सोडला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला चौकोनी शिडाची ती होडी भरतीवर बसून खाडीत शिरली आणि ट्रॉलर मागून निमूटपणे आला.

धक्क्यावर ट्रक येऊन थांबला होता. मॅनेजर चंद्रप्रकाश काळा चष्मा कपाळावर चढवून बघत होते. होडी वाळूला लागताच ते पुढे झाले. "वाह! हे शीड तर एकदम हटके! ट्रँगल नको, हेच पाहिजे. काय मधुकरभाऊ, चढवायची ना ट्रकमध्ये?"

मधुकर आईकडे बघत होता. उत्तर धाकूने दिलं. "नाय साहेब. हिच्यात बर्फ राहायचा नाय. हिला धंद्याला जायचंय."

मधुकरने ट्रकवाल्याला हातानेच परत जायची खूण केली आणि बापाला उतरायला हात दिला. धाकूने तो घेतला नाही.

मग गर्दी दुभंगली आणि दादू पाटील पुढे आले. ते जानकीशी बोललेच नाहीत. "धाकू, आलास ते बरं झालं. शीड लाव बाबा तुला वाटेल ते. पण बाई होडीत बसली. आज बुडाला असतात, सगळ्यांनी पाहिलं. समुद्राला नारळ द्यावा लागेल, आणि परत असं होणार नाय ते सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल. तुझ्या बायकोला सांग काय ते."

जानकी अजून होडीतच बसून होती. सोलवटलेले तळवे तिने पदरात धरले होते. आता हा काय बोलतो? पाटलांच्या शब्दाबाहेर धाकू आजवर गेला नव्हता. त्याचं त्याला मिळालं होतं, होडी राहिली होती, शीडही राहिलं होतं. तिला उतरवून कबुली देऊन टाकणं त्याला किती सोपं होतं, हे तिला कळत होतं, आणि तिने मनाची तयारीही केली.

धाकू वळला. तीन बोटं नसलेला हात त्याने होडीच्या कडेवर ठेवला, सगळ्यांसमोर, लपवायचा प्रयत्न न करता.

"पाटलांचं ऐकलंस ना?" तो तिला म्हणाला. "नारळ द्यायला पाहिजे. उद्या पावणेसातला ओहोटी लागते. नारळ घेऊन ये, खडकांच्या पलीकडे गेलो की तुझ्या हाताने दे. आणि ये तेव्हा हाताला हळद-तेल लावून ये, दोर धरायचाय."